सहाशे बारा मजले

"कुत्र्याला गळ्यात बांधतात, आपल्याला मनगटात. एवढाच फरक," असं म्हणत लिफ्टमामांनी डावा हात पुढे केला.

आरोग्यबाईंनी त्यावर काळा रबरी पट्टा चढवला, टिचकी मारून चालू केला आणि वहीत मामांचा क्रमांक लिहिला. एक्केचाळीस. "हसू नका. हा तुमची पावलं मोजणार, किती मजले चढलात ते मोजणार, नाडीसुद्धा मोजणार. काढायचा नाही. झोपताना नाही, आंघोळीला नाही."

"आणि एवढं मोजून काय करणार?"

"आकडे रोज संध्याकाळी आपोआप माझ्या कॉम्प्युटरवर येणार. महिन्याअखेर सगळ्यात आळशी तिघांची बदली तळघरात. रेकॉर्डचे गठ्ठे उचलले, ठेवले, की हालचाल होते. साहेबांची सही झालीय."

मामांनी पोट आत ओढून बघितलं. ओढायला तिथे भरपूर होतं.

विमा कंपनीची ही आठ मजली इमारत, तिची एकुलती एक जुनी लिफ्ट, आणि त्या लिफ्टमध्ये तेवीस वर्षं बसलेले मामा. लिफ्ट बटणाची नव्हती. उजव्या हाताने पितळी दांडा फिरवायचा, डाव्या हाताने जाळीचं दार ओढायचं, खडाड् उघड, खडाड् बंद. हे सगळं बसल्या जागी जमावं म्हणून एक गोल लाकडी स्टूल होतं. त्यावर मामींनी जुन्या चादरीची शिवलेली गादी. तेवीस वर्षांत गादीने मामांचा आकार घेतला होता की मामांनी गादीचा, हे आता सांगता आलं नसतं. रिटायर व्हायला चौदा महिने उरले होते. तेवढे स्टुलावर काढले की मामा सुटले. तळघरात स्टूल नव्हतं. तळघरात फक्त गठ्ठे होते, आणि ते सगळे जमिनीवर.

त्यातून त्याच सकाळी कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "मामा, साखर कुंपणावर बसलीय. कधीही उडी मारेल. रोज अर्धा तास चाला. बसून बसून माणूस गंजतो."

"डॉक्टर, मी दिवसभर आठ आठ मजले चढतो."

"चढता, की नेले जाता?"

डॉक्टरांपुढे मामांचं वाक्य चाललं नाही. घरी मात्र हेच वाक्य तेवीस वर्षं चाललं होतं. मामींची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे चौथ्या मजल्यावर राहायची. बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिला तिथे राहायला येऊन अकरा वर्षं झाली, आणि मामा एकदाही वर गेले नव्हते. "भाऊजी, या ना वर," म्हटलं की खालूनच ओरडायचे, "नको गं, दिवसभर चढउतारच करत असतो!" मग मामी वर जायच्या, मामा रस्त्यावर उभे राहायचे, आणि मेहुणी चहाचा थर्मास टोपलीत घालून दोरीने खाली सोडायची. गप्पाही अशाच. मामांचं पोट साफ झालं की नाही, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत असायचं.

"माझी बहीण विहिरीतून पाणी काढतात तसा नवरा सांभाळते," मामी म्हणायच्या. "माझा."

तर पट्टा बांधला गेला सोमवारी. मंगळवारी दहा वाजता आरोग्यबाईंचं बोलावणं आलं.

मामा घाबरतच गेले. आरोग्य कक्ष तळमजल्यावर, दाराच्या अगदी शेजारी. बाई मुख्य कचेरीतून नुकत्याच आलेल्या, सकाळी आत शिरायच्या, संध्याकाळी बाहेर पडायच्या. वर जायचं त्यांना कधी कामच पडलं नव्हतं. लिफ्ट त्यांनी आतून पाहिलेली नव्हती.

"एक्केचाळीस तुम्हीच?"

"हो. म्हणजे, माफ करा. आजपासून जरा जास्त..."

"सहाशे बारा," बाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या. "काल तुम्ही सहाशे बारा मजले चढलात. पावलं साडेसात हजार. आणि नाडी किती? चौऱ्याहत्तर! दिवसभर चौऱ्याहत्तर! अहो, दोन किलोमीटर उंच चढून माणसाची नाडी हलत नाही? हे हृदय आहे की काय आहे?"

झालं होतं असं की त्या पट्ट्यात हवेचा दाब ओळखणारं यंत्र होतं. पट्टा वर गेला की ते समजायचं, माणूस चढला. पायांनी चढला की स्टुलावर बसून, हे विचारायची त्याला सोय नव्हती. आणि पावलं ते हाताच्या हेलकाव्यावरून मोजायचं. जाळीचं दार दर मजल्याला डाव्या हाताने खडाड् उघड, खडाड् बंद. साडेसात हजार.

मामांच्या सगळं लक्षात आलं. ते सांगणारही होते. तोंड उघडलंही होतं.

"काम काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"लिफ्टमन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लिफ्टमन. दिवसभर लिफ्टपाशी असता, मग चढता कधी?"

"दिवसभरच की," मामा म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"म्हणजे लोकांना लिफ्टने वर पाठवता आणि स्वतः जिन्याने? लिफ्टच्या आधी पोचता वर?"

तेवढ्यात साहेब आत आले. साहेब म्हणजे या शाखेचे प्रमुख. चेहरा फुललेला. "मामा! मुख्य कचेरीतून फोन होता! सगळ्या शाखांत आपण पहिले! अहो, दुसऱ्या नंबरच्या शाखेतला माणूस एकोणीस मजले चढलाय, एकोणीस! तुम्ही या शाखेची अब्रू आहात!"

साहेब रोज दोनदा लिफ्टने वर जात. स्टुलावरचे मामा त्यांनी बारा वर्षं पाहिले होते. पण अब्रू चालून घरी आल्यावर तिला "कुठून आलीस" असं कोण विचारतं? मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. तळघर टळलं, स्टूल वाचलं. आणखी काय पाहिजे होतं?

आता तुम्ही म्हणाल, ऑफिसात बाकीची माणसं होती ना. होती. पण ती बोलतील कशी? टपाल विभागात एक शिक्केबुवा होते, दिवसभर पाकिटांवर धडाधड शिक्के मारायचे. त्यांची पावलं अकरा हजार भरली होती, आणि बुवा दिवसातून दोनदा उठायचे, दोन्ही वेळा डब्यासाठी. तिसऱ्या मजल्यावरची टायपिस्ट खुर्चीत बसून विणकाम करायची, ती रोज सहा हजार पावलं विणायची. ज्याचं त्याचं बिंग ज्याच्या त्याच्या मनगटात. शिक्केबुवांनी लिफ्टमध्ये मामांच्या कानात एवढंच सांगितलं, "तुम्ही बसा, आम्ही गप्प बसतो."

आठवडा झाला. बाईंनी आकडेमोड करून तळमजल्यावर तक्ता लावला. सोमवारी पायथ्याशी निघालेले मामा शुक्रवारी संध्याकाळी जगातल्या सगळ्यात उंच शिखरावर पोचत होते. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी पुन्हा पायथा.

तक्त्याच्या तळाशी एकच नाव होतं. फायलीताई. मजले शून्य, पावलं शून्य, नाडी शून्य. पुढे लाल शाईत: "अत्यंत धोकादायक."

फायलीताई म्हणजे आठही मजल्यांवर फायली पोचवणारी बाई. शिडशिडीत, खांद्यावर कायम दोन गठ्ठे, आणि सगळं काम जिन्याने. वीस वर्षांपूर्वी ती एकदा मामांबरोबर लिफ्टमध्ये दोन तास अडकली होती, तेव्हापासून ती लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हती. लोक म्हणायचे, लिफ्टची भीती बसली. ती म्हणायची, "लिफ्टची नाही. मामांच्या गप्पांची."

तक्ता बघून ती तडक आरोग्य कक्षात घुसली. "मी चाळीस वेळा जिना चढते दिवसातून! आणि मी शून्य? नाडी शून्य म्हणजे? मी काय मेलेय?"

"यंत्र चुकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पट्टा कुठे आहे तुमचा?"

"कपाटात. डबीत घालून ठेवलाय. नवी कोरी वस्तू, रोज वापरली तर टिकेल का? सुनेच्या वाढदिवसाला देणार होते."

"रोज घालायचा असतो तो!"

"आणि फायली घासून खराब झाला, मग? तुम्ही भरून देणार?"

बाईंनी वहीत "सहकार्य नाही" असं लिहिलं आणि उपाय काढला. सगळ्यात आळशी माणसाला सगळ्यात चपळ माणसाच्या हाताखाली द्यायचं. रोज दुपारी अर्धा तास लिफ्टमामा फायलीताईला जिना चढायला शिकवतील. नीट शिकली तर तळघर माफ.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण साहेबांना कल्पना सुचली, आणि साहेबांना कल्पना सुचली की अंमलबजावणी त्याच दिवशी व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कामावर आले, तर लिफ्टच्या दाराला साखळी. वर बोर्ड. बोर्डावर मामांचा फोटो, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पोट आत ओढून. खाली मोठ्या अक्षरात:

"लिफ्टमन लिफ्टने जात नाही. मग तुम्ही का?"

मामा जाळीला दोन्ही हात लावून उभे राहिले. आत अंधारात स्टूल दिसत होतं. तुरुंगात भेटायला गेल्यासारखं वाटत होतं, फक्त आत कोण आणि बाहेर कोण हे नीट कळत नव्हतं.

"किल्ली तुमच्याकडेच ठेवा," साहेब मागून म्हणाले. "तुमच्यापेक्षा विश्वासाचं कोण? आणि ऐका, पंधरा दिवसांनी मुख्य कचेरीतून थोरले साहेब येतायत. खास तुम्हाला बघायला. लिफ्ट कायमची काढायची, त्या जागी गोल जिना करायचा, आणि तुम्ही जिनाप्रमुख. आठव्या मजल्यावर तुमच्या सत्कारात कागदावर सही होणार. चौदा महिने राहिलेत ना तुमचे? सोनं करा त्यांचं!"

ज्या स्टुलासाठी मामा गप्प बसले होते, ते स्टूल मामांच्या गप्प बसण्यानेच गेलं होतं.

ऑफिसातल्या लोकांचं मौन मात्र त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच सुटलं. "मामा, तुमच्या पायात वीज भरलीय, आमच्या नाही हो!" "मामा, तुमच्या पायी आमचे पाय गेले!" शिक्केबुवा सहाव्या मजल्यावर पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. ते डबा उघडून तिथेच पायरीवर बसले आणि त्या मजल्यावरही लावलेल्या मामांच्या फोटोकडे पाठ करून जेवले.

दुपारी फायलीताई हजर. कमरेला पदर खोचलेला, खांद्यावर दोन गठ्ठे. "चला गुरुजी. शिकवा."

मामांनी कठडा धरला आणि चढायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यापर्यंत रुबाबात गेले. दुसऱ्याला पोचेपर्यंत शर्ट भिजला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते बसले आणि म्हणाले, "ताई, मी इथून बघतो. तू चढ. चुकलं तर सांगीन."

ताई समोर उभी राहिली. तिने गठ्ठे खाली ठेवले. "बसून केले ना सहाशे बारा?"

"हळू बोल गं बाई."

"मला वाटलंच. वीस वर्षांपूर्वी दोन तास अडकलो होतो ना, लोक ओरडत होते, दार ठोकत होते, आणि तुम्ही स्टुलावरून उठला नव्हतात. तुमच्या तांब्यातलं सांडलेलं पाणीसुद्धा मीच पुसलं."

"आता काय करू ते सांग. खरं बोललो तर खोटारडा. नाही बोललो तर लिफ्ट जाते, आणि मी चौदा महिने या जिन्यावर मरतो."

"मरत नाही कोणी. मी मेले? तुमच्या बाईंच्या यंत्रात मेलेय तेवढीच." ताईने एक गठ्ठा मामांच्या हातात दिला. "हा तिसऱ्याला द्यायचाय. नुसतं चढलं की दम लागतो. काम घेऊन चढलं की कामाकडे लक्ष जातं. उठा."

असे पंधरा दिवस गेले. सगळ्यांना दिसायचं, गुरुजी शिकवतायत. प्रत्यक्षात ताई पुढे, मामा मागे, हातात फायली. तिसऱ्या मजल्यावर पाणी, चौथ्यावर बसणं. आठव्या दिवशी मामांच्या गुडघ्यातला कुरकुर आवाज थांबला. दहाव्या दिवशी पँटचं एक बटण, जे चार वर्षं नुसतं शोभेला होतं, ते लागलं. मामी म्हणाल्या, "हल्ली तुम्ही घोरत नाही. मला झोप येईना, दोनदा उठून नाकापाशी हात धरून बघितलं."

आरोग्यबाई मात्र काळजीत पडल्या. सहाशे बाराचा आकडा एकदम पाचवर आला होता, आणि नाडी चौऱ्याहत्तरवरून थेट एकशे तीसवर. त्यांनी मामांना बोलावून विचारलं, "लिफ्ट बंद केली आणि तुमचं चढणंच थांबलं. असं कसं?"

मामा खिशातली किल्ली चाचपत राहिले.

बाईंनी विचार केला. डोळे चमकले. "समजलं! लिफ्टशी शर्यत होती तुमची! प्रतिस्पर्धीच गेला, मग चढायचं कोणासाठी? मन खचलंय तुमचं. पण काळजी करू नका. थोरले साहेब स्वतः तुमच्याबरोबर आठ मजले चढणार आहेत. मी तशी व्यवस्था केलीय."

थोरले साहेब आले. मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना पहिल्यांदाच धीर वाटला. थोरले साहेब थोरले होते. नुसत्या हुद्द्याने नाही, सगळ्या बाजूंनी. उजव्या मनगटात तसाच काळा पट्टा, शेवटच्या भोकात. त्यांनी बोर्डावरचा फोटो बघितला, मग जिना, मग पुन्हा फोटो.

"किती मजले?" त्यांनी विचारलं.

"आठ फक्त," आरोग्यबाई म्हणाल्या. "यांच्यासाठी म्हणजे शिंक. आम्ही पुढे होतो, वर सगळे थांबलेत." साहेब आणि बाई तरातरा वर गेले. निदान आवाज येईपर्यंत तरी तरातरा.

मागे राहिले तिघं. थोरले साहेब, मामा आणि नेहमीच्या फायली घेऊन ताई.

पहिला मजला दोघांनीही एकमेकांच्या लाजेने काढला. दुसऱ्यावर थोरल्या साहेबांचा चेहरा लाल झाला. ताई पटकन म्हणाली, "इथे गुरुजी श्वास शिकवतात." मग दोघांनी दोन मिनिटं श्वास घेतला. मनापासून घेतला. तिसऱ्यावर ती म्हणाली, "इथे गुडघ्यांचं म्हणणं ऐकायचं असतं." ऐकलं. दोघांच्याही गुडघ्यांना बरंच म्हणायचं होतं. चौथ्यावर ती म्हणाली, "इथे मौन." याची गरज नव्हती. बोलायच्या स्थितीत कोणी नव्हतंच.

पाचव्या मजल्यावर थोरल्या साहेबांनी कठडा सोडला आणि सरळ पायरीवर बसले. शेजारी मामा बसले. ताई उभी.

"मामा," धाप जरा बसल्यावर थोरले साहेब म्हणाले, "वरती गेल्यावर मी त्या कागदावर सही करणार. लिफ्ट कायमची बंद. त्याआधी मला एक सांगा. सहाशे बारा? खरंच?"

मामांनी ताईकडे पाहिलं. ताईने फायलीकडे पाहिलं. खोटं बोलायलाही दम लागतो, आणि मामांकडे तेवढा उरला नव्हता.

"बसून," मामा म्हणाले.

"काय बसून?"

"सहाशे बारा. लिफ्टमध्ये, स्टुलावर बसून. माझ्या पायांनी केलेत ते हे पाच. तेही हिच्यामुळे. आता काय शिक्षा द्यायची ती द्या. पण सही करू नका हो. आठव्या मजल्यावर पेन्शनवाली म्हातारी माणसं येतात, त्यांनी काय करायचं?"

थोरल्या साहेबांनी स्वतःचं उजवं मनगट वर धरलं आणि त्याच्याकडे अपराध्यासारखं बघत राहिले.

"मी रोज चौदा हजार पावलं चालतो," ते म्हणाले.

"हो. ऑफिसच्या पत्रकात वाचलं."

"सह्या करतो."

"अं?"

"दिवसभर सह्या करतो मी. चालत कुठे नाही. हे बघा." त्यांनी हवेत चार-पाच लांबलचक सह्या केल्या. पट्टा थरथरला, हिरवा दिवा लागला आणि आतून एक गोड आवाज आला: "शाब्बास! आजचं लक्ष्य पूर्ण!"

तिघंही त्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"माझा कपाटात आहे," ताई म्हणाली. आपण मागे पडायला नको म्हणून.

थोरले साहेब हसायला लागले. हसताना खोकला आला, खोकताना धाप लागली, धाप लागताना त्यांनी वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. "अजून तीन?"

"तीन."

"लिफ्ट चालू होईल?"

"किल्ली माझ्या खिशात आहे," मामा म्हणाले. "पण लिफ्ट खाली. आणि चालवणारा इथे."

"मग जा की," ताई म्हणाली. "उतरायचंच तर आहे."

मामा उठले. पाच मजले उतरले, साखळी काढली, खटका वर केला, जाळी ओढली. खडाड्. पंधरा दिवसांनी तो आवाज ऐकून त्यांना भरून आलं. समोर स्टूल होतं. मामांनी त्यावरून मायेने हात फिरवला, दांडा फिरवला आणि उभ्याउभ्याच लिफ्ट पाचव्या मजल्यावर नेली. बसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. तिथे थोरले साहेब आत शिरले ते थेट स्टुलावरच बसले.

"ताई, चल ना."

"गप्पा मारणार नसाल तर."

"नाही मारत."

वीस वर्षांनी ताईने लिफ्टमध्ये पाय ठेवला.

आठव्या मजल्यावर सगळं ऑफिस जिन्याकडे तोंड करून उभं होतं. साहेबांच्या हातात गुच्छ, बाईंच्या हातात मोजणीचं घड्याळ, शिक्केबुवांच्या हातात खुर्चीची पाठ. तेवढ्यात त्यांच्या मागे खडाड् झालं. सगळे गर्रकन वळले. जाळीत थोरले साहेब स्टुलावर आणि शेजारी मामा उभे, दांड्यावर हात ठेवून.

थोरल्या साहेबांनी मोठी माणसं करतात तसं केलं, म्हणजे आधी भाषण केलं आणि मग विचार केला. "लिफ्ट राहील," ते म्हणाले. "ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. मात्र रोज दुपारी अर्धा तास बंद. तेव्हा मामा जिना चढतील आणि त्यांच्यामागे सगळे चढतील. आकडे लिहायचे नाहीत. पट्टे गोळा करा."

"कुठे ठेवू?" साहेबांनी विचारलं.

"यांच्या कपाटात," थोरले साहेब ताईकडे बोट दाखवून म्हणाले. "तिथे नीट राहतात."

आरोग्यबाईंनी पट्टे जमा करायच्या आधी एकदा शेवटचे आकडे बघितले. एक्केचाळीस क्रमांक, मजले तेरा. नाडी एकशे अठरा. त्यांनी पुढे आपल्या हाताने लिहिलं: "मन सावरलं. लिफ्ट पाहताच उत्साह परत." यंत्र चुकत नाही हा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत टिकला.

त्या रविवारी मामा-मामी मेहुणीकडे गेले. मेहुणीने वरून बघितलं, नेहमीसारखी हाक मारली, "आलात का?" आणि चहाचा थर्मास टोपलीत घालून दोरी सोडायला लागली. टोपली खाली टेकली. रस्त्यावर कोणीच नव्हतं. तिने गॅलरीतून वाकून बघितलं, डावीकडे, उजवीकडे.

"अगं ताई," ती जिन्यातल्या मामींना ऐकू जावं म्हणून घाबरून ओरडली, "भाऊजी कुठे गेले?"

दारावर टकटक झाली. तिने हातात दोरीचं टोक धरूनच दार उघडलं. दारात मामा उभे. घाम होता, दम होता, पण पायांवर होते. मागे मामी, डोळ्यांना पदर लावलेल्या. हसू लपवत होत्या की दुसरं काही, ते कळलं नाही.

अकरा वर्षांनी पाहुणा पहिल्यांदा वर आलेला. मेहुणीने घाईघाईने घरातली सगळ्यात मोठी, गुबगुबीत खुर्ची ओढली, पदराने झटकली आणि पुढे केली.

"बसा ना भाऊजी! बसा!"

मामांनी खुर्चीकडे पाहिलं. मग तिच्या हातातली दोरी घेतली, गॅलरीत गेले आणि आपला चहा आपणच वर ओढायला लागले.

"नको गं," ते म्हणाले. "दिवसभर बसूनच असतो."